मों-लोरिए ते सँ-जेरोम: जुन्या रेल्वेमार्गावर उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात स्की

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या उत्तरेला लोरँटियन डोंगरांत एक रेल्वेमार्ग होता. त्याचे रूळ उखडले गेले, पण भराव, पूल आणि बरीच स्टेशनं राहिली. १९९६ पासून त्याच भरावावर सायकलवाले, चालणारे आणि बर्फ पडला की स्कीवाले ये-जा करतात. या वाटेचं, म्हणजे या लांबट पार्कचं नाव 'प्ती त्रँ द्यू नोर'. सँ-जेरोम हे गाव शून्य किलोमीटर आणि मों-लोरिए दोनशेवा. दक्षिणेकडे बुआ-दे-फिलिओंपर्यंत जोडलेला तुकडा धरला तर लांबी सुमारे २३४ किलोमीटर भरते. क्युबेकभर पसरलेल्या 'रूत व्हेर्त' या सायकलमार्गांच्या जाळ्याचा हा एक भाग आहे.

कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे भारतातून पाहुणे आले की नायगरा होतो, मॉन्ट्रियलचं मोठं चर्च होतं, मों-त्रांब्लांच्या डोंगरावर नेणारी गोंडोला, म्हणजे दोरावरची गाडी होते. ही वाट मात्र राहून जाते. दोनशे किलोमीटर सायकल म्हटलं की माणूस दचकतो आणि स्की म्हटलं की हाडं मोडण्याची भीती वाटते. या वाटेबाबत दोन्ही भीती अनाठायी आहेत, कारण ही वाट सायकलसाठी आखलेलीच नाही. ती वाफेच्या इंजिनासाठी आखलेली आहे. रेल्वेची रीत एकदा डोक्यात बसली की चढ कुठे, पाणी कुठे, बर्फ कुठे टिकणार, मुक्काम कुठे करायचा, यातलं बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी रेल्वे समजून घ्या

लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते. त्यामुळे रेल्वे आखणारे इंजिनिअर चढाला घाबरूनच असतात. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे शंभर मीटरमागे तीन मीटरपेक्षाही कमी, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. लोरँटियनमधले चढही रेल्वेचेच आहेत. मोटारीच्या रस्त्यासारखा छातीवर येणारा चढ इथे भेटत नाही.

पण या सौम्यपणाची एक दुसरी बाजू आहे आणि नवखा माणूस तिथेच थकतो. रस्त्यावर चढ संपला की उतार येतो, पायांना विश्रांती मिळते. रेल्वेचा चढ मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि संपतही नाही. वाट सपाट वाटते, तरी वेग ताशी अठरावरून बारावर आलेला असतो आणि माणसाला वाटतं सायकलमध्येच काही बिघाड आहे. ब्रेक चाकाला घासतोय का, हे एकदा बघून घ्या. घासत नसेल तर तुम्ही चढावर आहात. गिअर एक-दोन पायऱ्या हलका करा आणि पाय एका लयीत फिरत ठेवा. जोर लावून वेग टिकवायला गेलात तर दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतील.

रेल्वेने मागे ठेवलेल्या आणखी तीन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे स्टेशनं. गावोगावची जुनी स्टेशनं आता थांबे झाली आहेत. कुठे उपाहारगृह आहे, कुठे चित्रांचं दालन, कुठे माहिती केंद्र. पाणी, स्वच्छतागृह आणि छप्पर यांचा हिशेब स्टेशनागणिक करायचा. दुसरी म्हणजे खोदून काढलेले भाग. टेकडी कापून वाट काढली आहे तिथे दोन्ही बाजूंना खडक असतो आणि ऊन पोचत नाही. मे महिन्यात बाकी वाट कोरडी असली तरी तिथे ओल असते, नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ तिथेच साठतो. तिसरी म्हणजे भराव आणि पूल. तिथे झाडांचा आडोसा नसतो, वारा थेट लागतो. पुलाला खालूनही थंडी लागते, म्हणून पाणी गोठून काचेसारखा बर्फ होतो तो आधी पुलावर. ऑक्टोबरच्या सकाळी पुलावर ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, सरळ जायचं.

ही रेल्वे इथे आली कशी

सँ-जेरोमचे धर्मगुरू आंतुआन लाबेल यांचा ध्यास होता की फ्रेंच कॅनेडियन शेतकरी कामाच्या शोधात अमेरिकेला जाण्याऐवजी उत्तरेच्या डोंगरांत वसावा. त्यासाठी रेल्वे हवी होती. १८७२ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मॉन्ट्रियलमध्ये सरपणाची टंचाई असताना त्यांनी बर्फावरच्या घसरगाड्या लाकडांनी भरून शहरात नेल्या आणि गरिबांना वाटल्या. उत्तरेत काय आहे आणि ते आणायला रेल्वे का हवी, हे शहराला एका दिवसात कळलं. १८७६ मध्ये गाडी सँ-जेरोमला आली, १८९२ मध्ये सँत-आगातला आणि १९०९ मध्ये मों-लोरिएला. लाबेल १८९१ मध्येच वारले, मों-लोरिएची गाडी त्यांना बघायला मिळाली नाही. त्यांच्या नावाचं गाव याच वाटेवर, सुमारे १०७ व्या किलोमीटरला आहे.

लाकूड आणि शेतकरी नेणाऱ्या या गाडीने पुढे शहरातले स्कीवाले डोंगरांत आणले. १९२० ते १९४० च्या दशकांत शनिवार-रविवारी स्की घेतलेल्या माणसांनी भरलेल्या 'हिमगाड्या' मॉन्ट्रियलहून सुटत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शॉब्रिजला, म्हणजे आजच्या प्रेव्होला, स्कीवाल्यांना दोराने टेकडीवर ओढून नेणारं यंत्र बसलं. नॉर्वेहून आलेल्या हर्मन स्मिथ-योहान्सन यांनी स्टेशनांपासून स्टेशनांपर्यंत जंगलातून स्कीच्या वाटा पाडल्या. त्यांना सगळे 'जॅकरॅबिट' म्हणत. ते १११ वर्षं जगले आणि शंभरीनंतरही स्की करत होते. या वाटेवर हिवाळी खेळ पार्कने नव्याने आणलेला नाही, तो रेल्वेच्या काळापासूनचा आहे. प्रवासी गाडी १९८१ मध्ये बंद पडली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ निघाले.

उन्हाळा: उत्तरेहून निघा

सायकलचा हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पूर्ण वाट करायची असेल तर मों-लोरिएहून सुरू करून सँ-जेरोमला संपवा. मों-लोरिए सँ-जेरोमपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे एकूण हिशेबात चढापेक्षा उतार जास्त पदरात पडतो. शिवाय वाटेचा सगळ्यात उंच भाग सँत-आगातच्या आसपास येतो. उत्तरेहून येताना तिथून पुढचे जवळजवळ पन्नास किलोमीटर उतार असतो आणि तो शेवटच्या दिवशी, पाय दमलेले असताना मिळतो. दक्षिणेहून निघालात तर हाच उतार पहिल्याच दिवशी चढ होऊन समोर येतो.

त्याची सोय अशी. मोटार सँ-जेरोमला ठेवायची. सकाळी सायकली लादून मों-लोरिएला नेणारी बस मिळते, तिच्यात बसायचं. हीच मंडळी तुमची बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोचवायची सोयही करतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या खेपेला बॅग त्यांच्याकडे द्यावी. पाठीवर किंवा कॅरिअरवर पंधरा किलो घेऊन जाण्यात मर्दुमकी नाही, त्या न संपणाऱ्या चढावर ते वजन प्रत्येक किलोमीटरला जाणवतं. बस आणि मुक्काम दोन्ही आधी नोंदवा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला, म्हणजे मेपलची पानं लाल होतात ते दिवस, खोल्या फार लवकर संपतात.

मोटार नसेल तर मॉन्ट्रियलच्या ल्यूसिएँ-लालिए स्थानकातून सँ-जेरोमला लोकल जाते आणि तिथलं स्थानक वाटेच्या तोंडाशीच आहे. गर्दीच्या वेळी सायकल चढवायला बंदी असते आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची गाडी बघूनच दिवस आखा.

सायकल कशी हवी

उत्तरेकडचा बराच भाग डांबरी आहे. दक्षिणेकडे दगडाची बारीक कच दाबून केलेली वाट जास्त, मधूनमधून डांबर. कचेवर शर्यतीची बारीक टायरवाली सायकल चालते, पण सुख देत नाही. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचं टायर उत्तम, म्हणजे हायब्रीड, टूरिंग किंवा ग्रॅव्हल सायकल. माउंटन बाइकही चालेल, मात्र खोल नक्षीचं टायर डांबरावर गुरगुरत राहतं आणि दमवतं. पुढचं-मागचं सस्पेन्शन लागत नाही.

पावसानंतर या कचेचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. कोरडी असताना ती टायरखाली चुरचुरते. भिजली की राखाडी लगदा होतो, मडगार्ड नसेल तर तुमच्या पाठीवर कण्यालगत एक सरळ पट्टा उमटतो आणि तोच लगदा साखळीच्या कड्यांत शिरतो. तासाभरात गिअर बदलताना कचकच आवाज येऊ लागतो. तो आवाज म्हणजे साखळीत पॉलिश पेपर फिरतोय असं समजा. अशा वेळी नुसतं तेल ओतू नका, तेलात कच आणखी चिकटते. आधी बाटलीतलं पाणी साखळीवर सोडा, पेडल उलटं फिरवत फडक्याने पुसा, कोरडी झाली की प्रत्येक कडीवर थेंबभर तेल टाका आणि वरचं जादा तेल पुन्हा पुसून घ्या. म्हणून सामानात एक जुनं सुती फडकं आणि तेलाची छोटी बाटली असलीच पाहिजे. मडगार्ड तर हवंच.

बाकी सामान नेहमीचं: दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, टायर काढायचे लिव्हर, षटकोनी चाव्या, पुढचा-मागचा दिवा, घंटी. ट्यूब बदलायची घरी एकदा सराव करून ठेवा, कारण लाबेलच्या उत्तरेला वस्ती विरळ होत जाते, सायकलचं दुकान लांब असतं आणि फोनला काही ठिकाणी रेंज मिळत नाही. हेल्मेट सगळ्यांनी घाला. विजेवर चालणाऱ्या सायकलीला क्युबेकमध्ये ते कायद्यानेच बंधनकारक आहे. वयस्क आई-वडिलांना घेऊन यायचं असेल तर विजेची सायकल भाड्याने घ्याच. रेल्वेचा लांबट चढ हे अशा सायकलीचं खरं काम आहे.

चार दिवसांची आखणी

रोज पन्नास किलोमीटर म्हणजे चार ते पाच तास पेडल आणि दोन तास थांबणं. नियमित सायकल चालवणारे तीन दिवसांत करतात. मुलं किंवा पन्नाशीपुढची मंडळी बरोबर असतील तर पाच दिवस घ्या. चारांचा बेत असा.

पहिला दिवस मों-लोरिए ते नोमिनँग, सुमारे ६० किलोमीटर. बस दुपारच्या आत पोचवते, त्यामुळे निघायला उशीर होतो. मों-लोरिएलाच खाऊन आणि पाणी भरून घ्या. हा सगळ्यात निर्जन भाग आहे, तळी आणि जंगल. माणसं कमी भेटतात आणि काहींना पहिल्याच दिवशी ही शांतता जड जाते. मला वाटेचा हाच भाग सर्वांत जवळचा आहे.

दुसरा दिवस नोमिनँग ते मों-त्रांब्लांचं जुनं गाव, सुमारे ५० किलोमीटर. वाटेत रिव्हिएर-रूज आणि लाबेल. लाबेलच्या जुन्या स्टेशनात थांबा, धबधब्यापर्यंत पाय मोकळे करून या. जेवण इथेच उरका, पुढे मों-त्रांब्लांला भाव पर्यटकांचे असतात.

तिसऱ्या दिवशी मों-त्रांब्लांहून व्हाल-दाव्हिद, पुन्हा पन्नासच्या आसपास, आणि हाच दिवस सगळ्यात कठीण. मों-त्रांब्लां शहर सोडलं की सँ-फोस्तँकडे चढ सुरू होतो आणि मघाशी सांगितलेला तो न दिसणारा, न संपणारा चढ इथे पुरेपूर भेटतो. सकाळी लवकर निघा. आदल्या रात्री पोटभर भात खा. दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी आणि तासाला काहीतरी गोड तोंडात टाका, तहान-भूक लागायची वाट बघू नका. सँ-फोस्तँला दीर्घ विश्रांती घ्या. सँत-आगातला पोचलात की उंची जिंकली. तिथे तळ्याकाठी बसायला जागा आहे. व्हाल-दाव्हिद हे कुंभारकाम करणाऱ्यांचं आणि कडे चढणाऱ्यांचं गाव, मुक्कामाला छान.

चौथा दिवस व्हाल-दाव्हिद ते सँ-जेरोम, ४२ किलोमीटर उतार. इथे इशारा एकच: वेग आवरा. हा भाग शहराजवळचा, म्हणून गर्दीचा. लहान मुलं, कुत्र्याला फिरवणारे, हातात हात घालून चालणारी जोडपी, सगळे इथे असतात. उजवीकडून चला, ओलांडताना घंटी वाजवा, डावीकडून पुढे जा. वाट जिथे मोटाररस्ता ओलांडते तिथे खरोखर थांबा, उताराच्या भरात अपघात होतात ते अशाच जागी. भेटणाऱ्याला 'बोंझूर' म्हणा, तोडकंमोडकं फ्रेंच असलं तरी माणसं खुलतात.

फक्त एक दिवस असेल तर सँ-जेरोमहून उत्तरेला प्रेव्होपर्यंत जा आणि परत या. जाताना चढ, येताना उतार, ही विभागणी मुलांबरोबर फार सोयीची पडते.

माश्या, अस्वलं आणि डबा

मेच्या शेवटापासून जूनभर काळ्या माश्या असतात. त्या चावतात तेव्हा कळत नाही, नंतर कानामागे रक्त लागतं. सायकल चालती असेपर्यंत त्रास नाही, थांबलात की येतात. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक मलम ठेवा. शक्य असेल तर ऑगस्टच्या मध्यानंतर जा, माश्या-डास ओसरलेले असतात. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांची एक झुडपासारखी वनस्पती असते, तिच्या स्पर्शाने अंगावर दिवसेंदिवस खाजणारे फोड येतात, म्हणून आडोशाला जाताना पायाखाली बघा. रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड चिकटली नाही ना ते तपासा.

या जंगलात काळी अस्वलं आहेत. ती सहसा माणसाला टाळतात. अन्न तंबूत ठेवायचं नाही, खरकटं टाकायचं नाही. दिसलंच तर पळू नका, बोलत बोलत मागे सरा.

डब्यात आपलं खाणं उत्तम चालतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, खजुराचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. श्रीखंड-दही यांच्या वाटेला जाऊ नका.

मदत लागली तर ९११. वाटेवर किलोमीटरच्या खुणा आहेत. शेवटची कुठली खूण ओलांडली हे मनात ठेवायची सवय लावा, कारण जंगलात 'आम्ही कुठे आहोत' याचं तेवढंच उत्तर मदतीला येणाऱ्यांच्या उपयोगाचं असतं.

हिवाळा: कुठला तुकडा कोणाचा

बर्फ पडला की वाट वाटली जाते. सँ-जेरोम ते व्हाल-दाव्हिद हा दक्षिणेचा भाग क्रॉस-कंट्री स्कीवाल्यांचा. तिथे यंत्र फिरवून बर्फ दाबतात आणि स्कीसाठी दोन समांतर चाकोऱ्या पाडतात. लाबेलपासून उत्तरेला मों-लोरिएपर्यंत वाट स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारवाहनांची. मधल्या पट्ट्यात गावागणिक नियम वेगळे आहेत, त्यामुळे निघण्याच्या सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती आणि शुल्क बघूनच निघा.

ही वाटणी सहज झालेली नाही. भरावाला लागून घरं असलेल्या रहिवाशांनी स्नोमोबाइलच्या आवाजाविरुद्ध सामूहिक दावा लावला आणि २००४ मध्ये क्युबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. स्नोमोबाइलवर उत्तरेकडच्या गावांची हिवाळ्यातली कमाई चालते, हेही तितकंच खरं आहे. आपण पाहुणे आहोत, तेव्हा ज्याचा तुकडा त्याचा. स्नोमोबाइलच्या भागात पायी, सायकलने किंवा स्कीने शिरू नका. वळणावर ते वाहन थांबू शकत नाही आणि हेल्मेटमधल्या माणसाला तुमची हाक ऐकू येत नाही.

पहिला स्की दिवस

डोंगरावरून सुसाट घसरायची स्की आणि ही स्की यांत गोंधळ नको. ही चालण्याची स्की आहे. बूट फक्त पंजाशी अडकतो, टाच मोकळी राहते. रेल्वेच्या वाटेवर उतार सौम्य असल्यामुळे शिकायला याहून सुरक्षित जागा शोधून सापडणार नाही.

भाड्याने घेताना 'क्लासिक' प्रकार मागा आणि तळाला खवले असलेली, मेण न लागणारी स्की घ्या. खवल्यांमुळे पाय मागे सरकत नाही. काठी साधारण काखेपर्यंत यावी. बुटात बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात रक्त पोचत नाही आणि बोटं आधी गार, मग बधिर होतात.

कपड्यांबाबत आपल्या लोकांचं हमखास चुकतं ते इथे. उणे पंधरा ऐकून माणूस जाडजूड जॅकेट घालतो. दहा मिनिटांत घामाने भिजतो, थांबला की तो घाम गोठायला लागतो आणि थंडी हाडांत शिरते. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे घाला. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, मध्ये पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स अजिबात नको. जाड जॅकेट पिशवीत ठेवा आणि थांबल्याक्षणी, थंडी वाजायच्या आत, अंगावर चढवा. कानटोपी आणि हातमोज्यांची जादा जोडी हवीच.

सुरुवात काठ्या न घेता करा. चाकोरीत दोन्ही पाय ठेवा, गुडघे किंचित वाकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका. आता एका पायावर पूर्ण वजन टाकून खाली दाबा. खवले बर्फात रुततात, त्या आधारावर दुसरा पाय पुढे सोडा आणि सरकू द्या. वजन दोन्ही पायांवर वाटून ठेवलं तर खवले रुतत नाहीत आणि जागच्या जागी पाय घसरतात. सगळं कौशल्य या वजन टाकण्यात आहे, ते जमलं की मग काठ्या घ्या. हात विरुद्ध पायाबरोबर, नेहमी चालताना जातो तसा.

पडणार, सगळेच पडतात. बाजूला, कुल्ल्यावर पडा. उठताना आधी दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि उताराला आडव्या करा, गुडघ्यांवर या, एक पाय पुढे घ्या, मग उभे राहा. स्की उताराच्या दिशेने असतील तर उठता उठता पुन्हा पडाल. उतारावर वेग वाटला तर एक पाय चाकोरीबाहेर काढून टाच बाहेर ढकला, स्की तिरपी होऊन बर्फ खरवडते आणि वेग उतरतो.

शिष्टाचार थोडे पण पक्के आहेत. चाकोरीत बुटांनी चालायचं नाही, पावलांचे खड्डे रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी पाय मुरगळतो. थांबायचं तर वाटेच्या कडेला. पडल्यावर झालेला खड्डा बुजवून पुढे जायचं.

अंतर पहिल्या दिवशी जाऊन-येऊन सहा ते आठ किलोमीटर पुरे. प्रेव्होच्या स्टेशनाहून सुरुवात सोयीची. डिसेंबर अखेरीस सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी दहाला सुरू करून दोनपर्यंत परत या. थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्या. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, तोंड खाली असलं तर पाणी निघतं. चिक्की थंडीत दगड होते, दात जपा. मऊ लाडू आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. फोनही तिथेच, बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी भराभर उतरते.

एकमेकांचे चेहरे बघत राहा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. ज्याला होतो त्याला ती जाणवत नाही, कारण ती जागा बधिर झालेली असते. चोळू नका, बर्फ लावू नका. उबदार तळहात त्यावर धरा आणि आडोशाला जा. रंग परत आला नाही तर दवाखाना गाठा. वाऱ्यासह थंडी उणे पंचविसाच्या खाली जाणार असेल तर नवख्यांनी आणि मुलांनी त्या दिवशी घरीच राहावं.

मोटारीने येणार असाल तर १ डिसेंबर ते १५ मार्च क्युबेकमध्ये नोंदवलेल्या गाड्यांना हिवाळी टायर कायद्याने लागतात. शेजारच्या ओंटारियो प्रांतातून येणाऱ्यांनीही ते लावलेलेच बरे, उत्तरेकडचे रस्ते माफ करत नाहीत.

बर्फात सायकल चालवायची हौस असेल तर परवानगी असलेल्या भागातच, फॅटबाइक (खूप रुंद टायरची सायकल) घेऊन आणि टायरमधली हवा अगदी कमी करून. चाकाची खूण बोटभर खोल उमटू लागली की बर्फ मऊ झालाय, उतरा आणि परत फिरा.

एप्रिलमध्ये जाऊ नका

मार्चअखेरीस बर्फ वितळू लागला की स्कीचा हंगाम संपतो आणि मेच्या मध्यापर्यंत सायकलचा सुरू होत नाही. वरचा थर वितळलेला, खालची जमीन गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि कचेचा चिखल होतो. तेव्हा पडलेली चाकाची एक चाकोरी उन्हाने कडक होते आणि दुरुस्ती होईपर्यंत तशीच राहते. वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती पाळा. या आठवड्यांत सायकलची साखळी आणि ब्रेकचे पॅड बदलून घ्या आणि सप्टेंबर अखेरच्या खोल्या आत्ताच नोंदवून टाका.